सफरचंद आणि तब्येत : नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्राक्षं, डाळिंबं, पेरू नाशिकच्या शिवारात पिकतात. सफरचंद मात्र हिमाचल-काश्मीरहून ट्रकने पेठ रोडच्या फळबाजारात उतरतं. तरी आजाऱ्याला भेटायला निघालं की पिशवीत सफरचंदच पडतं. त्याला औषधाचा मान मिळाला आहे, आणि बरेचसे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

एका सफरचंदात नेमकं असतं काय?

मुठीएवढं, साधारण १८० ग्रॅमचं फळ सालीसकट खाल्लं तर जवळपास ९५ कॅलरी, १९ ग्रॅम साखर, सव्वाचार-साडेचार ग्रॅम तंतू (फायबर), ८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि १९५ मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम मिळतं. प्रथिनं अर्धा ग्रॅम. बाकी बहुतेक पाणीच, शंभरातले ८६ भाग.

यातला दखल घेण्याजोगा आकडा तंतूंचा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० ग्रॅम तंतू हवेत, त्यातला सातवा हिस्सा एका फळात येतो. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत सफरचंद अगदीच बेताचं आहे. शिवाय सालीत आणि सालीलगतच्या गरात क्वेर्सेटिनसारखी पॉलिफेनॉल द्रव्यं असतात. त्यांच्यावर संशोधन बरंच चाललं आहे, पण त्यांच्या जोरावर ‘कॅन्सर होत नाही’ असं सांगत फिरण्याइतका पुरावा नाही.

रोज एक सफरचंद खाल्लं तर डॉक्टरकडे जावं लागत नाही, हे खरं का?

ही म्हण मूळची वेल्सची. १८६६ मध्ये ती छापली गेली तेव्हा तिचा सूर वेगळा होता: झोपताना सफरचंद खा, म्हणजे डॉक्टरची भाकरी बुडेल. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ही म्हण खरोखरच तपासून पाहिली. रोज सफरचंद खाणाऱ्यांच्या आणि न खाणाऱ्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्यांत, बाकीचे घटक जमेस धरल्यावर, म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. चिठ्ठीवरची औषधं मात्र खाणाऱ्यांना किंचित कमी लागत होती.

आमच्या मते फायदा ठरतो तो सफरचंद कशाच्या *जागी* येतं यावर. चारच्या चहासोबतची खारी, बिस्किटं, शेव-चिवडा बाजूला ठेवून सफरचंद खाल्लं तर वर्षभरात फरक दिसतो. सगळं खाऊन वर सफरचंद घेतलं तर ९५ कॅलरी वाढल्या, एवढाच हिशोब.

सालीसकट खावं की सोलून?

सालीसकट. साल काढली की तंतू जवळजवळ निम्मे होतात: शंभर ग्रॅममागे २.४ ग्रॅमचे १.३ ग्रॅम. पॉलिफेनॉलचा मोठा वाटाही सालीबरोबर केराच्या डब्यात जातो. सोलायचं ते तीन वेळा: लहान बाळासाठी, जुलाब सुरू असताना, आणि दात किंवा कवळी साल चावू देत नसेल तेव्हा.

पण त्यावर मेण असतं ना?

झाडावरच्या सफरचंदालाही स्वतःचा मेणचट थर असतो. फळ धुतल्यावर तो कमी होतो, म्हणून व्यापारी वरून खाण्यायोग्य मेणाचा हात देतात. त्यामुळे फळ सुरकुतत नाही. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत मधमाशीचं मेण, कार्नोबा मेण आणि लाखेपासून केलेलं शेलॅक यांना परवानगी आहे. हे मेण पचत नाही, तसंच्या तसं बाहेर पडतं. मेणबत्तीचं पॅराफिन लावायला परवानगी नाही.

सुरीची धार सालीवरून हलकेच ओढून पाहा. धारेवर जरासा पांढुरका भुगा आला तर घाबरू नका, नैसर्गिक मेणही तेवढं निघतं. मेणबत्ती खरवडल्यासारखे जाड पापुद्रे निघाले तर ती पेटी सोडून द्या. घरी आणलेलं फळ मिनिटभर कोमट पाण्यात बुडवून जाड फडक्याने चोळलं की वरचा थर बराच उतरतो. उकळतं पाणी ओतू नका, साल शिजते आणि फळ दोन दिवसांत मऊ पडतं.

धुवायचं कसं? मीठ, व्हिनेगर, भांड्याचा साबण?

साबण नको. सालीला आणि देठाच्या खोबणीला तो चिकटून राहतो. धूळ आणि हातांची घाण काढायला नळाच्या वाहत्या पाण्याखाली अर्धा मिनिट चोळणं पुरतं. देठाचा आणि खालचा खड्डा मात्र बोटाने घासा, माती आणि फवारणीचा अंश तिथेच साचतो.

फवाऱ्याची काळजी असेल तर खायचा सोडा कामाला येतो. एक लिटर पाण्यात सपाट दोन चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम सोडा घाला. फळं त्यात १२ ते १५ मिनिटं बुडवून ठेवा, मग साध्या पाण्याने धुऊन पुसा. २०१७ मध्ये झालेल्या प्रयोगात या प्रमाणाच्या द्रावणाने सालीवरची दोन कीडनाशकं साध्या पाण्यापेक्षा चांगली निघाली होती. सालीच्या आत मुरलेला अंश मात्र कशानेच धुतला जात नाही, तो फक्त सोलल्यावर कमी होतो. दोन मिनिटं बुचकळून काढलेल्या फळाला सोड्याचा पुरेसा उपयोग होत नाही. लोक नेमकी हीच चूक करतात.

आणि आणल्या आणल्या सगळी पेटी धुऊन ठेवू नका. ओल राहिली की देठापासून बुरशी धरते. खायच्या वेळी धुवा.

कापल्यावर तपकिरी पडतं म्हणजे त्यात लोह भरपूर असतं ना?

नाही. हा गैरसमज घरोघरी आहे. कापताना पेशी फुटतात, पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने फळातल्या पॉलिफेनॉलचा रंग पालटवतं. वांगं आणि बटाटा काळा पडतो तोही याच कारणाने. सफरचंदात लोह शंभर ग्रॅमला ०.१२ मिलिग्रॅम, म्हणजे नसल्यातच जमा. हिमोग्लोबिन कमी आलेल्या मुलीला किंवा गरोदर बाईला महिनाभर सफरचंदं खाऊ घालून लोहाच्या गोळ्या मागे पडतात, हा खरा तोटा. गोळ्या चालू ठेवा. ताटात हळीव, बाजरी, डाळी, पालेभाज्या वाढवा आणि त्यांवर लिंबू पिळा.

मधुमेह आहे. सफरचंद चालेल?

बहुतेकांना चालतं. ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते त्याचा आकडा) ४० च्या आसपास आहे आणि तंतूंमुळे साखर रक्तात हळूहळू उतरते. पण प्रमाण पाळा. एका वेळी लहान फळ किंवा मोठ्याचं अर्धं, साधारण १०० ते १२० ग्रॅम. बाजारात सर्रास मिळणारं मोठं सफरचंद २२०-२५० ग्रॅमचं असतं. ‘मी एकच खाल्लं’ म्हणताना खरं तर दोन झालेली असतात. घरच्या काट्यावर एकदा वजन करून पाहा, म्हणजे डोळ्याला अंदाज बसेल.

जेवणाला लागून खाऊ नका. पोळी-भातावर पुन्हा फळाची साखर चढते. मधल्या वेळेत, सोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा पाच-सहा बदाम घ्या. ग्लुकोमीटर असेल तर खाण्याआधी आणि दोन तासांनी मोजा. वाढ ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दिसली तर पुढच्या वेळी प्रमाण निम्मं करा.

ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१३ साली छापून आलेल्या एका मोठ्या पाहणीत अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद, नियमित खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेह कमी आढळला. फळांचा रस पिणाऱ्यांत उलट जास्त. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, पण ‘मधुमेहात फळं बंद’ हा सरसकट सल्ला चुकीचा आहे, एवढं तरी कळतं.

मग ज्यूस?

नको. एका ग्लासाला तीन-चार सफरचंदं लागतात. साखर तीन-चारांची, तंतू चोथ्यात टाकून दिलेले. चावून खायला दहा मिनिटं लागली असती ते दोन घोटांत पोटात जातं आणि भूक तशीच राहते. जेवणाआधी अख्खं सफरचंद खाल्लं तर लोक पुढे कमी जेवतात. तेवढ्याच कॅलरींच्या रसाने तसं होत नाही, हे प्रयोगांत दिसलं आहे.

ज्यूससाठी कुठली फळं जातात तेही बघा. डागी, दबलेली, कुजायला लागलेली. कुजक्या सफरचंदात बुरशीमुळे पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं. रसात किलोमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर ते चालत नाही, असा नियम आहे. घरी लहानसा डाग असेल तर भोवतीचा दोन सेंटिमीटर भाग काढून उरलेलं खा. कूज गाभ्यापर्यंत गेली असेल तर फळ टाकून द्या, ‘तेवढं कापून शिजवू’ नको. शिजवून हे विष पूर्ण जात नाही.

बद्धकोष्ठतेला सफरचंद आणि जुलाबालाही सफरचंद, हे कसं?

गंमत पेक्टिनची आहे. हा विरघळणारा तंतू पाणी धरून जेलीसारखा होतो. घट्ट मळ त्याने मऊ पडतो, पातळ मळ थोडा बांधला जातो. फळ कसं खायचं ते मात्र दोन्हीकडे वेगळं.

बद्धकोष्ठतेला कच्चं, सालीसकट, आणि दिवसभरात पाणी भरपूर. पाणी न वाढवता तंतू वाढवले तर पोट अजून गच्च होतं.

जुलाबात कच्चं फळ आणि रस दोन्ही टाळा. त्यातली फ्रुक्टोज साखर आणि सॉर्बिटॉल आतड्यात पाणी ओढतात आणि जुलाब वाढतात. पहिलं औषध ओआरएस. उलट्या थांबून भूक लागली की शिजवलेलं सफरचंद द्या:

एक सफरचंद सोला, चार भाग करून गाभा काढा, बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. जाड बुडाच्या पातेल्यात चार मोठे चमचे पाणी घालून झाकण ठेवा. आच मंद. आठ-दहा मिनिटांत तुकडा चमच्याने दाबला की फुटला पाहिजे. डिलिशियस जातीची फळं लवकर विरघळतात, हिरवं ग्रॅनी स्मिथ आणखी पाचेक मिनिटं घेतं. पातेल्यात उरलेलं पाणी टाकू नका, पेक्टिन त्यातच उतरलेलं असतं. ते गरात घोटा. पाणी कपभर घातलं तर पातळ ढवळ होते, मग चव यावी म्हणून वर साखर पडते आणि सगळा उद्देशच बुडतो. चिमूटभर दालचिनी पुरे.

सफरचंद खाल्लं की पोट फुगतं. असं का?

फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल काहींच्या लहान आतड्यात नीट शोषले जात नाहीत. मोठ्या आतड्यात जिवाणू ते आंबवतात आणि गॅस होतो. आयबीएसचा, म्हणजे आतड्याच्या जुनाट तक्रारीचा, त्रास असणाऱ्यांना हे हमखास जाणवतं. पाव फळ शिजवून खाऊन पाहा. तेही सोसत नसेल तर सोडून द्या आणि बेताने पपई, संत्रं किंवा आपली द्राक्षं खा. सफरचंदावाचून काही अडत नाही.

उपासाला किती खावं?

एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा चिवडा, वर दोन सफरचंदं, असा उपास जेवणापेक्षा जड जातो. खिचडीची वाटी अर्धी करून एक सफरचंद आणि वाटीभर दही घेतलं तर पोट हलकं राहतं आणि दुपारी डोकं जड होत नाही.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणाऱ्यांसाठी सफरचंद सोयीचं आहे. पिशवीत दबलं तरी केळ्यासारखा लगदा होत नाही आणि पावसात भिजून बिघडत नाही. पण मैलोन्मैल चालायला ९५ कॅलरी पुरत नाहीत, सोबत राजगिऱ्याचा लाडू आणि शेंगदाणे ठेवा. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी नुसत्या फळावर फेरी करू नये. वाटेत साखर उतरू शकते. गोळीची मात्रा आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या.

रिकाम्या पोटी, रात्री, दुधाबरोबर… कधी खाऊ नये?

घड्याळाचा नियम नाही. आम्लपित्ताचा त्रास असेल तर आंबट सफरचंद रिकाम्या पोटी झोंबतं, मग नाश्त्यानंतर खा. रात्री खाल्ल्याने अपाय होत नाही, फक्त जेवून लगेच आडवं व्हायची सवय असेल तर करपट ढेकर येतात. दूध आणि फळ हा आयुर्वेदात विरुद्ध आहार मानला आहे. आधुनिक आहारशास्त्राला त्यात धोका दिसत नाही, पण मिल्कशेकमध्ये पडणारी दोन-तीन चमचे साखर दिसते.

बाळाला कधी द्यावं?

सहा महिने पूर्ण झाल्यावर. वाफवून, सोलून, गाळणीतून काढलेला गर सुरुवातीला एक-दोन चमचे, आणि तीन दिवस दुसरं नवीन काही नाही. मध, साखर, मीठ घालू नका. वर्षाच्या आत मध तर अजिबात नाही.

कच्च्या सफरचंदाची कडक फोड लहान मुलांच्या घशात अडकते. चार वर्षांपर्यंत किसून किंवा कागदासारखे पातळ काप करून द्या, आणि मूल बसलेलं असताना द्या. सायकलवर, पळता-पळता, गाडीच्या मागच्या सीटवर नको.

डब्यातल्या फोडी काळ्या पडतात. उपाय?

कपभर पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवा. फोडी त्यात पाच-दहा मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्यातून काढून कोरड्या करा. मधल्या सुट्टीपर्यंत पांढऱ्या राहतात. मीठ जास्त झालं किंवा नंतर धुतलं नाही तर डबा तसाच परत येतो. त्याहून सोपं: फळाचे काप करा, पुन्हा जुळवून अख्खं करा आणि वर रबरबँड चढवा. हवाच लागत नाही.

कुठल्या औषधाबरोबर चालत नाही?

ॲलर्जीवरची फेक्सोफेनाडिन ही गोळी सफरचंदाच्या, संत्र्याच्या किंवा ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर घेतली तर बरीच कमी शोषली जाते. रक्तदाबावरच्या ॲटेनोलॉलचंही सफरचंदाच्या रसाबरोबर तसंच होतं. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि रस चार तास लांब ठेवा.

मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी सफरचंद तुलनेने सोयीचं आहे. शंभर ग्रॅमला पोटॅशियम १०७ मिलिग्रॅम, तर केळ्यात साडेतीनशेच्या पुढे. तरी पथ्याच्या कागदावर जेवढं लिहिलंय तेवढंच.

बी गिळली तर?

काही होत नाही. बियांत अमिग्डालिन असतं, बी चावून बारीक केल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. फळात पाच-आठ बिया असतात, चुकून एक-दोन चावल्या गेल्या तरी भीती नाही. मिक्सरमध्ये मात्र गाभा काढूनच फळ टाका.

दातांना चांगलं का?

ब्रशची जागा घेत नाही. चावताना लाळ सुटते हे चांगलं, पण फळ आंबट आणि गोडही आहे. खाऊन झालं की चूळ भरा, अर्धा तास ब्रश करू नका. आम्लाने मऊ झालेलं दाताचं आवरण घासलं जातं.

कधी आणि कसं विकत घ्यावं?

जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलचा माल सुरू होतो, सप्टेंबर ते नोव्हेंबर काश्मीरचा जोर. याच दिवसांत फळ ताजं आणि भाव बरा. मार्च ते जूनमध्ये रविवार कारंजाच्या गाडीवर दिसतं ते एकतर आयात केलेलं, नाहीतर कमी ऑक्सिजनच्या शीतगृहात महिनोन्महिने ठेवलेलं. साठवणीत क जीवनसत्त्व घटतं, तंतू तसेच राहतात. म्हणजे फळ वाईट नसतं, पण त्या दिवसांत चढा भाव मोजण्यात अर्थ नाही.

रंगावर जाऊ नका. हातात घेऊन वजन पाहा: आकाराच्या मानाने जड, देठ शाबूत, अंगठ्याने दाबलं तर न दबणारं. हलकं, बोटाखाली किंचित दबणारं फळ आतून पिठूळ निघतं. असं घरी आलंच तर फेकू नका, शिजवायला उत्तम. स्टिकरवर ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ असेल तर ती फक्त जाहिरात. चार आकडी क्रमांक म्हणजे नेहमीच्या पद्धतीने पिकवलेलं, ९ ने सुरू होणारा पाच आकडी म्हणजे सेंद्रिय. तो क्रमांकही विकणारा आपल्या मर्जीने लावतो, त्याला प्रमाणपत्र समजू नका.

घरी फ्रिजमध्ये, पिशवीला दोन-चार भोकं पाडून, पालेभाजीपासून लांब ठेवा. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो, त्याने मेथी-कोथिंबीर पिवळी पडते. कच्चे चिकू किंवा केळी पिकवायची असतील तर त्यांच्यासोबत कागदी पिशवीत एक सफरचंद टाका, हाच वायू तिथे कामाला येतो.

सफरचंद परवडत नाही. पेरू चालेल का?

चालेल म्हणजे काय, बऱ्याच बाबतींत सरस. शंभर ग्रॅम पेरूत ५ ग्रॅमच्या वर तंतू आणि २०० मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व, सफरचंदाच्या चाळीस पटींहून अधिक. डाळिंबाच्या दाण्यांतही तंतू सफरचंदापेक्षा जास्त, शंभर ग्रॅमला ४ ग्रॅम. द्राक्षात मात्र तंतू एका ग्रॅमच्या आत आणि साखर १५-१६ ग्रॅम, म्हणून मधुमेहींनी मोजून दहा-बारा मणी. सटाण्या-देवळ्याचं डाळिंब आणि हंगामातला पेरू सोडून वर्षभर सफरचंदावर पैसे घालण्याचं आरोग्याच्या दृष्टीने तरी कारण नाही.

नाशिकला सफरचंद पिकत नाही का? निफाडला तर केवढी थंडी पडते!

निफाडचा पारा घसरला की बातमी होते, पण ती थंडी काही रात्रींची असते आणि दुपारी ऊन तापतं. डिलिशियस जातीच्या झाडाला हिवाळ्यात सात अंशांखालचे हजारभर तास लागतात, तेव्हा कुठे ते नीट फुलतं. हिमाचलच्या बिलासपूरमधले शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारी एचआरएमएन-९९ ही जात शोधली. महाराष्ट्रातही ती लावून पाहणारे शेतकरी आहेत. तिची फळं कडक उन्हाळ्यात, मे-जूनमध्ये काढणीला येतात. ती हाती लागली तर सालीसकट खा, पण फार दिवस ठेवू नका, काश्मिरी फळाइतकी ती टिकत नाहीत.